आजोबांनी हातानं केलेलं विमान तुमच्याकडे आलंय? मग आधी त्याला काहीच करू नका

घरातलं कुणीतरी जातं, नाहीतर घर बदलायचं ठरतं, किंवा सहज माळा आवरायला काढतात आणि एका जुन्या खोक्यातून ते विमान बाहेर येतं. लाकडाचं नि कागदाचं, एक पंख निखळलेला, चाकं एका बाजूनं चपटी झालेली, वर धुळीचा थर. मग सगळे म्हणतात तूच घे, तुला आवड आहे. आमच्या आजोबांचं विमान माझ्याकडे असंच आलं, आणि हातात घेतल्या घेतल्या पहिला विचार काय आला असेल तर हाच की याला एकदम नवं करून टाकू या, जुना कागद काढू, पॉलिश पेपर मारू, छान चकचकीत रंग देऊ आणि काचेच्या पेटीत ठेवू.

डाव्या पंखाच्या टोकाजवळ एक ठिगळ होतं. पंख मूळचा पिवळा, आता मधासारखा तपकिरी झालेला, आणि ठिगळ मात्र निळं, वेडंवाकडं कापलेलं, कडा जरा उचललेल्या. मी सगळ्यात आधी ते ठिगळच काढायला ब्लेड घेतलं होतं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "अरे थांब, ते नको काढू, ते तुझ्या बाबांचं आहे." बाबा सहा वर्षांचे असताना आजोबा घरात नाहीत बघून त्यांनी ते विमान पलंगावर उभं राहून फेकलं होतं, पंखाला भोक पडलं, आणि संध्याकाळी आजोबांनी ओरडायच्या ऐवजी त्यांना मांडीवर बसवून त्यांच्याच हातानं ते ठिगळ लावून घेतलं, पिवळा कागद संपला होता म्हणून निळा. मी मग खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात बघितलं तर ठिगळाच्या कोपऱ्यात, वाळलेल्या डोपमध्ये (कागद ताणून घट्ट बसावा म्हणून वर मारतात ते वार्निशसारखं द्रव), एका लहान बोटाचा ठसा आहे. अगदी बारीक रेषांसकट. बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी तो ठसा पाच मिनिटात कचऱ्यात टाकणार होतो.

म्हणून हा सगळा लेख लिहितोय. कारण अशा विमानात जे खराब दिसतं ना, तेच बऱ्याचदा घरच्यांचं असतं, आणि ते कुणाचं आहे हे कळायच्या आत आपण ते पुसून टाकतो. खाली मी जसजसं करत गेलो आणि नंतर जे शिकलो त्या क्रमानं लिहिलंय, क्रम महत्त्वाचा आहे, दुरुस्ती खूप नंतर येते.

पायरी १: पहिले पंधरा दिवस फक्त सांभाळा

खोक्यातून काढताना पंखाच्या टोकाला धरून उचलू नका, सगळ्यात जास्त मोडतोड इथेच होते. एक हात बॉडीच्या खाली, जिथे पंख बॉडीला जोडलेला असतो तिथे, आणि दुसरा हात शेपटीकडे नुसता आधाराला. कागद लावलेला पंख असेल तर बोटं फक्त लाकडाच्या पट्टीवर म्हणजे रिब (पंखाची आडवी फासळी) किंवा स्पारवर (पंखाच्या लांबीभर जाणारा दांडा) टेकवायची, मधल्या मोकळ्या कागदावर नाही, तो जुना कागद सुकलेल्या पानासारखा झालेला असतो, जरा अंगठा दाबला की आरपार. अंगठी घड्याळ काढून ठेवा. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर पसरा, पांढरीच, म्हणजे काय गळून पडतंय ते दिसतं.

खोक्याच्या तळाशी जो कचरा उरतो तो लगेच फेकू नका. त्यातच रिबचा तुकडा, प्रोपेलरचा वॉशर, कॅनोपीची (पायलटच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाची) कड, असलं काहीतरी असतं. सगळं एका पाकिटात भरा आणि वर तारीख लिहा.

काही गोष्टी मात्र लगेच काढायच्या. रबरावर उडणारं मॉडेल असेल आणि रबर अजून ताणलेलं असेल तर ते हळूच सोडवून बाहेर काढा, कारण जुनं रबर चिकट होऊन लाकडाला धरतं आणि तेवढ्या वर्षांचा ताण बॉडीला आतून ओढत असतो. बॅटरी असेल तर ती आधी बाहेर, गळलेल्या बॅटरीचं रसायन वायरीतून आत आत शिरतं आणि लाकूडही खातं. टाकीत इंधन राहिलं असेल तर टाकी रिकामी करा. आणि नाकात वजनासाठी शिसं भरलेलं असतं, त्यावर पांढरी पावडर आली असेल तर फुंकर मारू नका, ती विषारी असते, हातमोजे घालून ओल्या कापसानं टिपा आणि कापूस फेकून द्या. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपरचं नाव इथून पुढे काढायचंच नाही.

किडे बघा. लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि चादरीवर बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. भोकं नुसतीच असतील नि भुसा नसेल तर बहुतेक जुनी गोष्ट आहे, तरी विमान मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत वेगळं ठेवून दोन आठवडे लक्ष ठेवा. म्युझियमवाले कीड मारायला वस्तू पिशवीत सील करून उणे २० अंशाला दोनेक आठवडे ठेवतात, पण रंग, डोप, प्लास्टिक असं सगळं एकत्र असलेल्या मॉडेलला थंडीत तडे जाऊ शकतात, तेव्हा हे घरच्या फ्रीजरमध्ये स्वतःच्या जबाबदारीवर करू नका, जाणकाराला दाखवा. आणि फवारा तर अजिबात नको, थेट रंगावर डाग पडतात.

एक गंभीर गोष्ट. जुनं डोप बहुतेक वेळा सेल्युलोज नायट्रेटचं असतं, ते भयंकर पटकन पेटतं. मेणबत्ती, सिगरेट, हीटर यापासून हे विमान लांब.

पायरी २: माणसांना विचारा, आणि आत्ताच विचारा

विमान अजून वीस वर्षं थांबेल, माणसं थांबत नाहीत. मी आत्याला विचारलं म्हणून ठिगळ वाचलं, पण आजोबांचा जो मित्र त्यांच्याबरोबर बसून हे करायचा त्याला विचारायचं माझ्याकडून राहिलं ते राहिलंच, आता तो नाही. त्यामुळे ही पायरी फोटो काढायच्याही आधी.

"या विमानाबद्दल काहीतरी सांगा ना" असं विचारलं की माणूस म्हणतो काय सांगू, खूप हौस होती त्यांना, आणि संपलं. विमान समोर ठेवा (हातात नाही, समोर) आणि बारीक प्रश्न विचारा. ते कुठे बसून करायचे, जमिनीवर की टेबलावर? रात्री का सुट्टीत? कशानं कापायचे? वास यायचा का? हा वासाचा प्रश्न आवर्जून विचारा, डोपचा वास ज्यानं लहानपणी घेतलाय तो विसरत नाही, त्या एका वासावरून पुढे अर्धा तास गोष्टी निघतात. घरात कोण वैतागायचं? विमान पहिल्यांदा उडलं तेव्हा कोण कोण होतं, की उडलंच नाही? कधी मोडलं, कुणी मोडलं, कुणी चिकटवलं? यातला "कुणी मोडलं" सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, पण विचारून. फोन पालथा ठेवून द्या आणि विसरून जा, सारखं स्क्रीनकडे बघत बसलात की समोरचा अवघडतो. मधे शांतता आली तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, माणूस आठवत असतो. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर भांडण सोडवत बसू नका, दोन्ही लिहून ठेवा, कोण काय म्हणालं ते नावासकट. आमच्याकडे काका म्हणतात ठिगळ आजोबांनीच लावलं, आत्या म्हणते बाबांनी, आता ठसा बघून मला आत्याचं पटतं, पण वहीत दोघांचंही आहे.

आणि त्याच वेळी विचारा की बाकी सामान कुठे आहे. चाकू, टाचण्यांची डबी, उरलेला कागद, आणि मुख्य म्हणजे प्लॅन. असं विमान करताना प्लॅनचा कागद पाटावर पसरून त्याच्यावरच लाकडाच्या पट्ट्या टाचण्यांनी धरून चिकटवतात, त्यामुळे खऱ्या प्लॅनवर टाचण्यांची भोकं आणि गोंदाचे गोल डाग असतात. आमचा प्लॅन एका जुन्या नकाशांच्या गुंडाळीत सापडला, उजेडाकडे धरला तर सगळा पंख भोकाभोकांनी दिसतो, आणि एका ठिकाणी भोकं दोनदा आहेत म्हणजे आजोबांनी ती रिब एकदा चुकीची लावून परत काढली होती. असा कागद इस्त्री करून, डाग घालवून साफ करू नका. सपाट ठेवा, घडी न घालता, ॲसिड-फ्री कागदात.

पायरी ३: विमान स्वतः काय सांगतं ते वाचा

माणसं नसतील तर विमानाकडून थोडंफार कळतं. एकदम हलकं, नखानं खूण उमटेल असं फिकट लाकूड असेल तर बालसा. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, जगातला बहुतेक बालसा इक्वाडोरमधून येतो, आणि गंमत म्हणजे इतकं मऊ असून वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते हार्डवुडमध्ये मोडतं. जड, भरीव, तासून केलेलं असेल तर पाइन वगैरे.

इंजिनावर ग्लो प्लग असेल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं असलेला प्लग, तर ते इंजिन बहुधा १९४७ नंतरचं, कारण ग्लो प्लग बाजारात आला तेव्हा, त्याआधी ठिणगीवाली इंजिनं होती. सांध्यावर काचेसारखा कडक चकाकता थेंब दिसला तर तो बहुधा सुपरग्लू, तो विकायला आला १९५८ मध्ये, त्यामुळे विमान त्याच्या आधीचं असल्याचं घरचे सांगत असतील तर तो जोड नंतर कुणीतरी केलाय, मग विचारा कुणी. इस्त्रीनं चिकटवायचं प्लास्टिकचं आवरण असेल तर १९६० च्या दशकातलं किंवा पुढचं.

मॉडेल पूर्ण काळं, भरीव लाकडाचं, १:७२ मापाचं, चाकं नाहीत, तपशील नाहीत, असं असेल तर नीट बघा. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलानं शाळांमधल्या मुलांना विमानं ओळखायच्या ट्रेनिंगसाठी अशी ५ लाख मॉडेलं करायला सांगितली होती, काळी अशासाठी की फक्त आकार दिसावा, आणि १:७२ माप असं की ३५ फुटांवरून बघितलं तर खरं विमान अर्ध्या मैलावर दिसावं तसं दिसतं. कुणाच्या घरी असं काळं विमान "साधंच आहे, रंगवायचं राहिलंय" म्हणून पडलेलं असेल तर कृपा करून रंगवू नका.

टॉर्च घ्या आणि आतलं बघा. पेन्सिलीच्या रेघा, आकडे, रिबवर लिहिलेले नंबर, कधी तारीख, कधी सही. करणारा माणूस सही बऱ्याचदा अशा ठिकाणी करतो जी कागद लावल्यावर झाकली जाते, म्हणून पंखामागे उजेड धरून आरपार बघा. मला आजोबांच्या अक्षरातले १ ते ११ आकडे सापडले, ७ ची दांडी ते जशी काढायचे तशीच.

पायरी ४: नोंद करा

हे पटकन सांगतो कारण कंटाळवाणं आहे पण टाळू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, पुढून, मागून फोटो, बाजूला पट्टी ठेवून. मग टॉर्च अगदी तिरपा धरून प्रत्येक डाग, ठिगळ, तडा, ठसा वेगळा. तिरप्या उजेडात जे दिसतं ते सरळ उजेडात दिसत नाही. पंखांची पूर्ण लांबी, बॉडीची लांबी, पंखाची रुंदी मुळाशी आणि टोकाशी, वजन काट्यावर. आकार ट्रेस करायचा तर कागद खाली ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून, बॉलपेन नको. हे सगळं एका वहीत लिहा आणि काही फोटो छापून त्याच वहीत चिकटवा, फोन बदलला की फोटो जातात हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

पायरी ५: साफसफाई, तीही थोडीच

कोरडा, मऊ केसांचा ब्रश, मेकअपचा मोठा ब्रश उत्तम चालतो, नवाच घ्या. व्हॅक्यूम क्लीनर अगदी कमी स्पीडवर, नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून, हातभर लांब धरायचा आणि ब्रशनं धूळ त्या दिशेला उडवायची. फडकं नाही वापरायचं, फडक्याचा धागा रंगाच्या पोपड्यात अडकतो आणि पोपडा घेऊनच येतो. ओलं फडकं तर कागदाच्या पंखावर चुकूनही नाही.

रंगवलेल्या लाकडावर चिकट मळ असेल तर म्युझियममध्ये खरोखर वापरतात ती युक्ती म्हणजे थुंकी. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून जिभेनं जरासा ओला करायचा, लपलेल्या जागी आधी करून बघायचं, रंग बोळ्यावर आला नाही तरच पुढे, आणि नंतर किंचित ओल्या बोळ्यानं टिपून घ्यायचं. थुंकीतले एन्झाइम मळ सोडवतात. अर्थात जुन्या रंगात शिसं असायची शक्यता असते म्हणून तोच बोळा परत तोंडात घालायचा नाही, दर वेळी नवा.

स्पिरिट, थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको. डोप त्यात विरघळतं. एका थेंबात ठसा जाईल.

पिवळेपणा घालवायचा प्रयत्न करू नका. तो मळ नसतो, डोपच तसं झालेलं असतं.

पायरी ६: दुरुस्ती, म्हणजे कमीत कमी

आता आधी यादी करा, तीन भागात. काय केलं नाही तर नुकसान वाढेल, काय नुसतं खराब दिसतंय, आणि काय कुणाचं तरी आहे. पहिल्यालाच हात लावायचा. दुसऱ्याचा विचार वर्षभरानं करा, बहुतेक वेळा तोवर डोळ्याला सवय होते आणि ते बरंच वाटायला लागतं. तिसऱ्याला कधीच नाही. आमच्या यादीत पहिल्या भागात फक्त दोन गोष्टी राहिल्या, निखळलेला उजवा पंख आणि खाली लोंबणारा कागदाचा एक तुकडा. मी सुरुवातीला वीस गोष्टी करणार होतो.

गोंदाबद्दल. सुपरग्लू वापरू नका, तो बालसामध्ये शोषला जाऊन दगड होतो, परत सुटत नाही, पुढच्या वेळी शेजारचं लाकूड मोडतं, आणि त्याची वाफ कॅनोपीवर पांढरी धूसर बसते ती जात नाही. नियम एकच, जे लावाल ते उद्या दुसऱ्या कुणाला काढता आलं पाहिजे. लाकडाच्या जोडाला सरस चांगला, जुन्या फर्निचरवाले वापरतात तो, कोमट पाण्यानं परत सुटतो. म्युझियमवाले पॅरालॉइड बी-७२ नावाचा ॲक्रेलिक गोंद वापरतात, छान आहे, पण ते ॲसिटोनमध्ये पातळ करतात त्यामुळे डोप लावलेल्या जागेजवळ नको.

फाटलेल्या कागदाला गव्हाच्या स्टार्चची खळ. पातळ, गाळून घेतलेली, गुठळी नको. जपानी टिश्यूचा (पातळ पण चिवट कागद) अरुंद तुकडा कापू नका, फाडा, फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड कळत नाही. शक्य असेल तर आतल्या बाजूनं लावा. खळ अगदी कमी, ब्रश जवळजवळ कोरडा, वर ब्लॉटिंग पेपर आणि बोटानं हलका दाब. वाळेपर्यंत हात लावू नका, ही वाट बघायची पायरी मला सगळ्यात अवघड गेली.

नवीन मॉडेलवर कागद ताणून बसावा म्हणून पाणी फवारतात आणि मग डोप मारतात, हे जुन्यावर करू नका. कागद आणि डोप दोन्ही आक्रसतात, आणि वर्षानुवर्षं सुकलेली रिब तेवढी ओढ सहन करत नाही, पंखाला पीळ पडतो किंवा सरळ कटकन तुटतो. पीळ आधीच पडलेला असेल तर तोही वाफ देऊन सरळ करायला जाऊ नका, विमान आता उडायचं नाहीये, पीळ राहू दे.

जिथे नवीन तुकडा घालावाच लागतो तिथे तो थोडा वेगळा दिसू द्या, आणि आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख नि तुमचं नाव. उद्या कुणी टॉर्च घेऊन बघेल तेव्हा त्याला कळायला हवं की हे आजोबांचं नाही, नातवाचं आहे.

इंजिन असेल तर ते बहुतेक जाम झालेलं असतं, कारण जुन्या इंधनात एरंडेल असायचं आणि ते सुकून लाखेसारखं होतं. प्रोपेलर धरून जोर लावू नका, पकड तर नाहीच. इंजिन विमानावरून उतरवून घ्या, हेअर ड्रायरनं बराच वेळ गरम करा, एरंडेल मऊ पडतं आणि आपोआप हलायला लागतं. काही जण मिथेनॉलचे थेंब टाकतात, चालतं, पण मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्वाला दिवसा दिसत नाही, आणि डोप त्यात विरघळतं, म्हणून विमानापासून लांब, दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, आणि गरम इंजिनावर किंवा ड्रायर चालू असताना मुळीच नाही. सुरू करायचा हट्ट नको, फिरलं तरी पुष्कळ.

पायरी ७: ठेवायचं कुठे

उजेड हा सगळ्यात मोठा शत्रू, कारण तो रोज थोडं थोडं खातो आणि ते भरून येत नाही. म्युझियममध्ये कागद, रंगीत कापड यांवर साधारण ५० लक्स इतकाच उजेड ठेवतात, म्हणजे संध्याकाळच्या मंद दिव्याएवढा. खिडकीसमोरची भिंत नको, स्पॉटलाइट नको. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी, आणि त्यातही स्थिर हा शब्द महत्त्वाचा, एकदम दमट एकदम कोरडं असं झालं की लाकूड फुगतं आकसतं आणि रंगाचे पोपडे सुटतात. छोटा आर्द्रता मीटर पेटीत ठेवा. माळा, बाथरूमला लागून असलेली भिंत, बाहेरची ओल येणारी भिंत, टीव्हीच्या वरची फळी, या सगळ्या जागा वाईट.

दोरीनं लटकवायचं असेल तर विचार करा. सगळ्यांना हवेत उडतंय असं हवं असतं, मलाही हवं होतं, पण दोरी दोन बिंदूंवर सगळं वजन घेते आणि कागद लावलेल्या जुन्या मॉडेलला ते झेपत नाही. त्यापेक्षा लाकडी किंवा ॲक्रेलिकचा स्टँड, पंखाच्या स्पारखाली दोन्हीकडे फोम लावलेला आधार, आणि बॉडी इतकी उचललेली की चाकं टेबलाला जेमतेम टेकतील. चाकांवर वजन राहिलं की रबर चपटं होतं आणि टेबलाला चिकटतं.

पेटी ॲक्रेलिकची, यूव्ही अडवणारी. ओकच्या लाकडाची पेटी दिसायला सुंदर पण ती ॲसिडची वाफ सोडते, शिसं आणि धातू खराब होतात. पेटी पूर्ण हवाबंदही करू नका, जुन्या कॅनोपीचं प्लास्टिक स्वतःच वाफ सोडतं. पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर कॅनोपी सेल्युलोज ॲसिटेटची आहे आणि कुजायला लागलीय, तेव्हा पेटीला हवा खेळती ठेवा आणि ती कॅनोपी शक्य असेल तर वेगळी काढून ठेवा, फोटो काढूनच.

घर बदलताना बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका, गोल गोल छाप उमटतात. आधी ॲसिड-फ्री टिश्यू, मग फोम, मग खोकं, मग दुसरं मोठं खोकं. आणि सामानाच्या ट्रकमध्ये नाही, स्वतःच्या मांडीवर.

उडवायचं का?

नाही. मला माहितीये मोह होतो, घरातली मुलं तर विचारतातच. पण सुकलेला गोंद आणि ठिसूळ कागद एका लँडिंगमध्ये संपतो.

त्याऐवजी नक्कल करा. तुमच्याकडे ट्रेस आहे, मापं आहेत, नशीब असेल तर प्लॅन आहे. आणि नक्कल करायला बसल्यावरच कळतं की त्या माणसानं काय केलं होतं. मला आजोबांची ती परत काढलेली रिब का चुकली ते समजलं, कारण माझीही तिथेच चुकली, प्लॅनवर तिथे दोन रेघा इतक्या जवळ आहेत की रात्रीच्या दिव्यात चुकणारच. त्या क्षणी मी एकटा नव्हतो टेबलापाशी, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

कागद नि रबराची विमानं उडवायची गोष्ट तशी जुनी आहे, आल्फोन्स पेनो या फ्रेंच संशोधकानं १८७१ मध्ये पॅरिसमध्ये रबराच्या पिळावर चालणारं मॉडेल ११ सेकंद उडवून दाखवलं होतं, साधारण ४० मीटर. त्याच्याच कल्पनेवरून केलेलं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये मिल्टन राइट यांनी घरी आणलं, मुलांसाठी, म्हणजे पुढे विमान उडवणाऱ्या राइट बंधूंसाठी. विल्बर ११ वर्षांचा, ऑर्विल ७. खेळणं मोडलं, आणि मग त्या दोघांनी स्वतः तसंच करायला घेतलं. मूळ खेळणं जपून कपाटात राहिलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. म्हणून मुलांच्या हातात मोडण्यासाठी काहीतरी द्याच, फक्त ते मूळ विमान नको, नक्कल द्या.

पुढे कुणाकडे

भावंडं दोन आणि विमान एक, ही वेळ येतेच, आणि तेव्हा भांडण विमानाचं नसतं, आई-बाबांचं जास्त लाडकं कोण याचं असतं. दर वर्षी आळीपाळीनं ठेवू असं ठरवू नका, प्रत्येक प्रवासात काहीतरी तुटतं. एकाकडे विमान, दुसऱ्याकडे चाकू, टाचण्यांची डबी आणि प्लॅन, आणि ज्याच्याकडे विमान नाही त्याला नक्कल, ही वाटणी आमच्याकडे चालली. खरं सांगायचं तर काकांनी प्लॅन मागून घेतला, विमान नको म्हणाले, त्या भोकांवरून बोट फिरवत बसतात.

विकत किती जाईल असं कुणीतरी विचारेलच. करणारा प्रसिद्ध नसेल तर बाहेर फार काही येत नाही, आणि विमा कंपनीही आठवणींचे पैसे देत नाही. त्यामुळे किमतीचा विषय लवकर संपवा. वही मात्र विमानाबरोबरच राहू द्या, पेटीच्या खालच्या कप्प्यात, कारण वही नसलेलं विमान दोन पिढ्यांनंतर नुसतं जुनं खेळणं होतं आणि मग ते कुणीतरी चांगल्या मनानंच फेकून देतं.

आणि मुलांना हात लावू द्या. बंदी घातलेल्या वस्तूची आठवण तयार होत नाही. माझी भाची सात वर्षांची आहे, ती आली की आम्ही पेटी उघडतो. आधी हात धुवून कोरडे, मग जमिनीवर चादर, ती खाली मांडी घालून बसते म्हणजे पडलं तरी वीतभरच पडेल, एक हात बॉडीखाली एक शेपटीकडे, आणि तोंडानं आवाज काढायचा असेल तर काढायचा पण हात हलवायचा नाही. मोडलंच काही तर रडायचं नाही, लपवायचं नाही, तुकडा पाकिटात, पाकिटावर तारीख आणि नाव, आणि मला सांगायचं. मागच्या वेळी तिनं निळ्या ठिगळावरच्या बाबांच्या ठशाशेजारी स्वतःचं बोट धरून बघितलं, टेकवलं नाही, आणि म्हणाली, "मामा, आजोबांचं बोट माझ्यापेक्षा लहान होतं."